एक ते शंभरची बेरीज

एक्कावन्नाव्या वर्षी माणसाने दाढा सांभाळाव्यात, गुडघे सांभाळावेत आणि खासगी कंपनीत असेल तर साहेबाची मर्जी सांभाळावी. वाल्मिकराव ठोंबऱ्यांनी हे तिन्ही आजवर बऱ्यापैकी सांभाळलं होतं. तरीही अठ्ठ्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर त्यांच्यावर कम्प्युटर शिकायची पाळी आली. साडेसाती कुणाच्या राशीला कशी येईल सांगता येत नाही. वाल्मिकरावांच्या राशीला ती काचेचं तोंड आणि बटणांचे दात घेऊन आली.

साजगावच्या ज्या कागद गिरणीत वाल्मिकराव टाइम ऑफिसचे हेडक्लार्क होते, तिथे सबनीस साहेबांनी एका दुपारी त्यांना आणि मोरू घरतला केबिनमध्ये बोलावलं. मोरू म्हणजे त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा क्लार्क. दोघे एकाच दिवशी नोकरीला लागले होते आणि तेव्हापासून एकाच बाकावर बसून डबा खात होते. साहेब म्हणाले, "टाइम ऑफिसला कम्प्युटर येतोय. पुढे दोन माणसांची गरज नाही. एक जण कम्प्युटर खोलीत बसेल, दुसरा रद्दीच्या यार्डात जाईल. कम्प्युटर चालवता येईल तो आत."

रद्दीचं यार्ड म्हणजे गिरणीच्या मागची पत्र्याची शेड. मुंबईची सगळी ओली रद्दी तिथे उतरायची आणि तिच्या वासाने कावळेसुद्धा लांबून वळून जायचे. उलट कम्प्युटरच्या खोलीला काच बसली होती, गालिचा पसरला होता आणि थंड हवेचं यंत्र लागलं होतं. मधे एक काच, इकडे स्वर्ग आणि तिकडे रद्दी. आयुष्यभर इमानाने दुसऱ्यांची हजेरी मांडणाऱ्या माणसाला निवृत्तीपर्यंत रद्दीचे गठ्ठे मोजायला बसवायचं, ही कल्पना वाल्मिकरावांना सहन होईना. त्यांनी त्याच आठवड्यात कर्जतच्या बाजारपेठेतल्या क्लासात नाव घातलं.

मोरूने घातलं नाही. मोरू म्हणाला, "मला कशाला पायजे कम्प्युटर? मीच हाय कम्प्युटर. घाल रं आकडे." मोरूला बेरजेचा माज होता. पानभर आकड्यांवरून नुसता अंगठा फिरवायचा आणि खाली उत्तर लिहायचा. उत्तर बरोबर यायचं, ते एक वेळ चाललं असतं. पण नंतर तो सगळ्या ऑफिसकडे बघून मिशीवरून हात फिरवायचा, ते वाल्मिकरावांना वीस-बावीस वर्षं सलत होतं.

क्लास पिठाच्या गिरणीच्या वरच्या माळ्यावर होता. शिकवणारे मोकल सर नेरळहून यायचे. वय बाविशीचं, मिसरूड फुटलेलं, आणि वाल्मिकरावांना ते सगळ्यांसमोर "काका, चुकलात" म्हणायचे. कम्प्युटर एकच. तोही खाली गिरणीची मोटर सुरू झाली की मान टाकायचा आणि पडद्यावरचं सगळं पुसून जायचं. मग सरांनी गिरणीवाल्याशी तह केला. मोटर सुरू करण्याआधी त्याने जिन्यावर काठी आपटायची. काठी वाजली की वर धावपळ, "सेव्ह करा, सेव्ह करा!" कर्जत तालुक्यात विद्या अशी काठीच्या तालावर येत होती.

पहिला धडा होता बेरजेचा. एकपासून दहापर्यंतचे आकडे मशीनकडून मिळवून घ्यायचे. भाषा 'सी'. वाल्मिकरावांना वाटलं, पुढे ए आणि बी शिकवतील. मोकल सर म्हणाले, "काका, सम म्हणजे बेरीज. त्या नावाचा एक डबा समजा. पहिल्यांदा त्यात शून्य ठेवायचं. मग एक घाला, मग दोन घाला, मग तीन. दहा झाले की थांबायचं."

"शून्य ठेवायचं म्हणजे काहीच ठेवायचं नाही ना? मग लिहायचं कशाला?"

"नाही लिहिलं तर डब्यात आधीचं काही पडलेलं असेल, ते मिसळेल."

वाल्मिकरावांनी शून्य लिहिलं नाही. मशीनने एक ते दहाची बेरीज काहीतरी उणे अठरा हजार सांगितली. दळण घेऊन आलेल्या विमलबाई, वाल्मिकरावांच्या शेजारीण, पीठ होईस्तोवर वर येऊन बसायच्या. त्यांनी ती रक्कम पाहिली आणि संध्याकाळपर्यंत आळीत झालं, ठोंबऱ्यांच्या वाल्मिकला दहापर्यंत मोजता येत नाही.

मग सल्ल्यांना ऊत आला. पलीकडचे चांगोभाऊ रेल्वेतून निवृत्त झालेले. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिन लावायचं काम त्यांनी जन्मभर केलं होतं. ते म्हणाले, "सोपं हाय. येक येक डबा जोडीत जायचा आणि शेवटचा डबा लागला का न्हाई ते खाली उतरून बघायचं." हा सल्ला, खरं सांगायचं, मोकल सरांच्या शिकवण्यापेक्षा बरा होता. कारण पुढचा आठवडाभर वाल्मिकरावांचा शेवटचा डबा लागतच नव्हता. दहापर्यंत सांगितलं की मशीन नवावर थांबायचं आणि पंचेचाळीस म्हणायचं. विमलबाईंचं मत पडलं की यंत्रात जन्मवेळ घालावी म्हणजे ते वठणीवर येईल. वाल्मिकरावांनी त्यांना हात जोडले.

तेवढ्यात ऑफिसात वेगळंच त्रांगडं झालं. सकाळचा क्लास आटोपून खोपोलीची गाडी पकडायची म्हणजे गेटवर पोचायला उशीर. आणि उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे लाल शाईने खूण करायची हे काम टाइम ऑफिसच्या हेडक्लार्कचं. म्हणजे वाल्मिकराव धापा टाकत यायचे, खुर्चीत बसायचे, लाल पेन उघडायचे आणि स्वतःलाच लाल करायचे. मोरू समोरून बघत असायचा. "जरा ठळक कर. फिकी दिसते," म्हणायचा.

त्यांनी उशिरा येण्याच्या परवानगीचा अर्ज केला. अर्ज साहेबांकडून शेरा घेऊन परत आला: 'टाइम ऑफिसच्या प्रमुखांमार्फत यावा.' प्रमुख तर तेच. त्यांनी स्वतःच्या अर्जावर स्वतःची शिफारस लिहिली, 'अर्जदार माझ्या माहितीतले असून सचोटीचे आहेत.' अर्ज आवक करायला मोरूकडे गेला. मोरूने शिक्क्याचं पॅड उघडून बघितलं, दाबून बघितलं आणि सांगितलं, "सुकलंय. नवीन मागवावं लागंल." नवीन पॅड येईपर्यंत क्लास संपला.

पण क्लास संपता संपता एके सकाळी ते झालं. वाल्मिकरावांनी प्रोग्राम असा सुधारला होता की मशीन आधी विचारायचं 'कुठून?', मग विचारायचं 'कुठपर्यंत?', आणि मग बेरीज सांगायचं. त्यांनी एक घातलं, दहा घातलं. पडद्यावर पंचावन्न आले. काठी वाजली, मोटर सुरू झाली, पडदा काळा झाला, पण पंचावन्न आले होते. वाल्मिकरावांचे डोळे भरून आले. मोकल सर म्हणाले, "काका, शाब्बास." बाविशीच्या पोराचा शाब्बास त्यांना तेव्हा गोड लागला, याची त्यांना पुढे लाज वाटायची.

कम्प्युटरची पूजा मार्गशीर्षात ठरली. त्याच दिवशी चाचणी. आदल्या संध्याकाळी वाल्मिकरावांचे वडील आबाजी पळसदरीहून नवे तांदूळ घेऊन आले होते. वाल्मिकराव वहीत प्रोग्राम पुन्हा पुन्हा लिहीत बसले होते. म्हाताऱ्याने विचारलं, "काय लिवतोस रं?"

वाल्मिकरावांनी पोत्याचं उदाहरण देऊन समजावलं. सम म्हणजे पोतं. पहिल्यांदा रिकामं, म्हणून शून्य. मग त्यात एकेक माप टाकायचं.

आबाजी सरळ होऊन बसले. "रिकाम्या पोत्यात माप टाकतोस? देवाची मूठ कुठाय?"

खळ्यावरची ही रीत वाल्मिकरावांना लहानपणापासून माहीत होती. भात मोजायच्या आधी पोत्यात एक मूठ टाकायची. ती देवाची, ती मोजायची नाही. रिकाम्या पोत्यात माप पडलं तर बरकत जाते. "बाबा, ते भाताचं. हे गणित आहे," ते म्हणाले.

"मंग भाताचं काय गणित नसतं? पयल्या दिवशी, पूजेच्या दिवशी, भोपळा मांडून बसणार व्हय?"

वाल्मिकराव हसले. त्यांची बायको सुंदरा मात्र हसली नाही. दिवा लावता लावता म्हणाली, "मोठी माणसं सांगतात ते उगीच नसतं. एका दिवसाचा तर प्रश्न आहे." शिकलेल्या माणसाच्या घरात शहाणपण असं कोपऱ्याकोपऱ्यांतून अंगावर येतं.

पूजेच्या दिवशी खोलीबाहेर चपलांचा ढीग पडला. मुंबईहून हेड ऑफिसचे एक गोरेगोमटे अधिकारी आले होते. मशीन विकणाऱ्या कंपनीचा टायवाला माणूस आला होता. भटजींनी पडद्याला गंध लावलं, फुलं कुठे वाहायची यावर थोडी चर्चा झाली, आणि मशीन चालू असतानाच पूजा व्हावी असं साहेबांचं म्हणणं पडलं. त्यामुळे वाल्मिकरावांनी आपला प्रोग्राम पडद्यावर उघडून ठेवला. भटजी मंत्र म्हणू लागले. सगळ्यांनी हात जोडले. वाल्मिकरावांनीही जोडले आणि डोळे उघडून समोर बघितलं तर गंधाच्या टिळ्याच्या बरोबर खाली, हिरवागार, वाटोळा भोपळा.

समोरच्या काचेतून यार्डाचा पत्रा दिसत होता. त्यांनी मनाशी म्हटलं, आरती होईपर्यंतच. देवाची मूठ. मग काढून टाकू. आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून एका बोटाने त्यांनी शून्य पुसून तिथे एक लिहिला. लगेच जिवाला बरं वाटलं. माणसाला बरं वाटतं तेव्हा तो सावध नसतो, हे वाल्मिकरावांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

नारळ फुटला. वाल्मिकराव टेबलाकडे वळणार, तेवढ्यात साहेबांनी त्यांच्या हातात पेढ्यांचं ताट दिलं. "ठोंबरे, पाहुण्यांना द्या." ते पेढे देत असताना मागून आवाज आला, "चला, चाचणी घेऊ या." वळून बघतात तर टायवाला त्यांच्या खुर्चीत बसलेला. त्याने दोन बटणं दाबलीसुद्धा. पडद्याने विचारलं, 'कुठून?'

"थांबा!" वाल्मिकराव म्हणाले. तोंडात पेढा होता. ते कुणाला ऐकू गेलं नाही.

"एक ते शंभर," हेड ऑफिसचे अधिकारी म्हणाले.

मोरू कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा होता. अधिकाऱ्यांचं वाक्य संपायच्या आत तो म्हणाला, "पाच हजार पन्नास." आणि मिशीवरून हात फिरवला.

पडद्यावर आलं, पाच हजार एक्कावन्न.

मोरूने पुढे होऊन पडदा बघितला. "चुकलंय," तो म्हणाला. "एक जास्त आलाय."

टायवाला हसला. "मशीन चुकत नसतं."

"मंग मी चुकलो? पयला आणि शेवटचा मिळवा, एकशे एक. दुसरा आणि नव्व्याण्णवावा मिळवा, एकशे एक. अशा पन्नास जोड्या. शाळेतल्या पोराला इचारा."

"घरत, तुमच्या जोड्यांमध्ये एखादा आकडा सुटला असेल," सबनीस साहेब म्हणाले. पाहुण्यांसमोर त्यांचा चेहरा ताठ झाला होता. "माणूस दमतो. विसरतो. म्हणून तर मशीन आणलं."

"कागद द्या. सगळे आकडे मांडून दाखवतो."

मोरूने कागद घेतला आणि उभ्या उभ्या लिहायला लागला. तो सतरावर पोचला तोवर पाहुण्यांची जेवणाची वेळ झाली होती. अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. साहेब म्हणाले, "ते नंतर बघू, घरत." मोरूने मान वर केली. खोलीतल्या एकाही माणसाच्या चेहऱ्यावर त्याला आपली बेरीज दिसेना. मग त्याने वाल्मिकरावांकडे बघितलं. त्यांच्याकडे बघताना त्याच्या चेहऱ्यावरचा माज उतरला होता.

"वाल्मिक, तू सांग. तू लिवलंय ते. किती येतंय, तू सांग."

वाल्मिकरावांना सांगायला एकच वाक्य लागलं असतं. 'साहेब, तो एक माझा आहे.' ते जिभेवर आलंसुद्धा. पण त्याच्या मागोमाग सगळं आलं: टायवाल्याचं हसू, विमलबाई, लाल शाई, पूजेच्या दिवशी मशीनमध्ये देवाची मूठ घालणारा हेडक्लार्क म्हणून साजगावपासून कर्जतपर्यंत होणारी शोभा. आणि काचेपलीकडचा तो पत्रा. ते म्हणाले, "उत्तर पडद्यावर आहे, साहेब."

यात खोटं काही नव्हतं. वाल्मिकराव नंतर बरेच दिवस स्वतःला हेच सांगत होते.

जेवणं झाली. मोरूच्या बदलीचा हुकूम त्याच दुपारी निघाला. 'संगणकाच्या अचूकतेवर पाहुण्यांसमोर शंका' असं कारण त्यात नव्हतं. कारण 'प्रशासकीय सोय' असं होतं.

दुसऱ्या दिवशी वाल्मिकरावांनी गार खोलीत बसून एक पुसला, शून्य घातलं. पाच हजार पन्नास आले. त्यांनी तो कागद छापून घेतला आणि छाती घट्ट करून साहेबांकडे गेले. आपला मूर्खपणा झाला, मुठीचं सगळं सांगितलं. साहेब हसतील, ओरडतील, काहीही करतील याची तयारी होती.

साहेबांनी दोन्ही केलं नाही. कागद उलटा ठेवला. "ठोंबरे, मशीन ताब्यात घेतल्याचं प्रमाणपत्र हेड ऑफिसला गेलं. त्यात चाचणीचा आकडा पाच हजार एक्कावन्न आहे. समाधानकारक, असा शेरा आहे. त्याच्याखाली माझी सही आहे."

"पण साहेब, बरोबर उत्तर..."

"बरोबर उत्तर आलं तर चाचणी चुकली असं होईल. चाचणी चुकली तर मशीन परत. मशीन परत तर ही खोली परत. तुम्ही कुठे बसाल मग?" साहेबांनी चहाचा घोट घेतला. "तो प्रोग्राम होता तसा करून ठेवा. हेड ऑफिसचं कुणी आलं तर त्यांना एक्कावन्नच दिसायला हवेत. हजेरीसाठी दुसरा लिहा, त्यात तुमची मूठबीठ घालू नका."

"आणि घरत?"

"घरतांचं काय?"

वाल्मिकराव परत आले. शून्य पुसलं आणि एक लिहिला. या वेळी पूजा नव्हती, आरती नव्हती, बोट नुसतं चाललं. हुशार माणसं पैसे खाऊन खोटं करतात. वाल्मिकरावांकडून ते हुकमावरून आणि फुकटात करून घेतलं गेलं, याचा त्यांना जास्त राग आला. आता हा राग कुठे काढायचा, ते त्यांना कळेना. साहेबांवर काढायची सोय नव्हती. म्हणून घरी गेल्यावर त्यांनी सुंदरेवर काढला. तिने तो ऐकून घेतला आणि म्हणाली, "मग मोरूभावजींना जाऊन सांगा की. मला काय सांगता?"

आठवडाभर त्यांनी डबा खोलीतच खाल्ला. गालिच्यावर शीत पडू नये म्हणून मांडीवर वर्तमानपत्र घेऊन. शेवटी एका दुपारी डबा उचलून ते यार्डात गेले.

मोरू गठ्ठ्यांच्या आडोशाला पोतं टाकून बसला होता. अंगावर ओल्या कागदाचे कपटे चिकटलेले. त्याच्या समोर रद्दीतून काढलेला एक कोरा ताव होता आणि त्यावर एक ते शंभर, वरपासून खालपर्यंत, नीट हातचे धरून मांडलेले. "बघ," तो म्हणाला. "पाच हजार पन्नास. दोन डाव केलं."

"बघायला नको, मोरू. बरोबर हाय तुझं." वाल्मिकराव शहरी बोली विसरले. "माझ्याच हातून चूक झाली व्हती. एक जास्तीचा राहिला व्हता. साहेबाला सांगितलं मी. पण आता कागद पुढं गेलाय म्हणतो."

मोरूने ताव घडी करून खिशात घातला. मग विचारलं, "कवा कळलं तुला?"

ट्रक मागे मागे येत होता. क्लिनर ओरडत होता, "आन दे, आन दे."

"दुसऱ्या दिवशी," वाल्मिकराव म्हणाले. "मशीन तपासताना."

"त्या वेळंला ठाऊक नव्हतं?"

"नाय."

मोरूचे खांदे सैल झाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तो हसला. "मंग काय नाय. माज्या डोक्यात आठ दिवस तेच फिरत व्हतं, का वाल्मिकला ठाऊक असून गप बसला. बदलीचं काय, यार्ड तर यार्ड. पन ते सहन व्हत नव्हतं बघ." त्याने पोतं झटकून अर्धं त्यांच्याकडे सरकवलं. "बस. भाकर खा."

वाल्मिकराव बसले. ट्रकचा ड्रायव्हर पावती घ्यायला खाली उतरला तेव्हा मोरूने त्याला हाक मारून बोलावलं. "ह्ये आमचे वाल्मिकराव. आत कम्प्युटरवर असतात. मोठा माणूस. चूक झाली तर दुसरा लपवून ठेवंल. ह्ये आपल्या पायानं सांगायला आलं यार्डात."

ड्रायव्हरने हातातली पावती बगलेत धरली आणि वाल्मिकरावांना नमस्कार केला. वाल्मिकरावांनी तो घेतला.